उजूची मापं

उज्ज्वला गेल्याचा फोन आला तेव्हा कंपनीची बस चाकणच्या चौकात उभी होती. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मी खिडकीपाशी डबा मांडीवर घेऊन डुलक्या काढत होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा होता. "वैशूताई, उजूताई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, कुठे गेली? इतक्या सहज विचारलं, जशी ती गावाला गेली असावी. मग त्याने सावकाश सगळं सांगितलं. रक्ताचा कॅन्सर होता. आठ महिन्यांपूर्वी कळलं. शेवटचे दहा-बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होती, पहाटे संपलं. दुपारी दिघीच्या घरून नेणार होते. मी नुसतं हं हं करत राहिले. ठेवता ठेवता तो म्हणाला, "सई इथेच आहे. तिच्याशी बोलताय का?"

सई माझी मुलगी. ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लवकरचं प्रॅक्टिकल आहे म्हणून त्या सकाळी साडेसहालाच घराबाहेर पडली होती, आणि मी तिला डबाही भरून दिला होता. आता कळलं की ती दिघीला गेली होती, आणि ही काही तिची पहिली खेप नव्हती. मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. आलं नाही. मनात पहिलं आलं ते हे, की माझ्या मुलीला माहीत होतं आणि मला नव्हतं. उजूला जाऊन दोन तासही झाले नव्हते, आणि मला तिचा मत्सर वाटत होता... मैत्रिणीवरच्या लेखात असं काही लिहू नये, हे मला कळतं. पण ते वगळून उज्ज्वलाबद्दल लिहायला बसले तर माझ्याकडे फारसं काही उरत नाही.

तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या अडीच महिने आधी, पिंपरीच्या मेट्रो स्टेशनात. मी सरकत्या जिन्याने वर चालले होते, ती शेजारच्या जिन्याने खाली येत होती. वर पोचून मी परत खाली आले, कारण तिने मला पाहिलं होतं आणि आता टाळणं वाईट दिसलं असतं. तिने डोक्याला घट्ट ओढणी बांधली होती. उन्हाचे दिवस, आमच्याकडे स्कूटरवरच्या सगळ्याच बायका तशी बांधतात, त्यामुळे त्यात मला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की ही किती बारीक झालीय. गालाची हाडं वर आली होती, कुडता खांद्यावरून ओघळत होता. चाळिशी ओलांडल्यापासून मी भात सोडलाय, सकाळी चालायला जाते, तरी माझा काटा हलत नाही. मी म्हटलं, "काय गं, करतेस तरी काय? मलाही सांग की." ती हसली. "काही नाही गं, जेवण कमी झालंय." मग तिने सईची परीक्षा कशी गेली ते विचारलं, मी ठीक म्हटलं, आणि पाच मिनिटांत आम्ही आपापल्या वाटेने गेलो. संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की उजू अजून कॉलेजातल्यासारखी दिसते. सई समोरच बसली होती. तिने ताट उचललं आणि आत निघून गेली. मी त्या दिवशी भाकरीही अर्धीच खाल्ली.

आमची ओळख पॉलिटेक्निकातली. मेकॅनिकलच्या वर्गात मुली तीनच, त्यातली एक पहिल्या सहामाहीतच सोडून गेली, मग उरलो आम्ही दोघी. तिचे वडील जालन्याकडून आलेले, भोसरीत पत्र्याच्या प्रेसवर होते. माझे वडील साताऱ्याकडचे, पिंपरीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये. दोघींच्या घरी डब्यात एकच भाजी असायची. मी वर्गात पहिली यायचे, ती सातवी-आठवी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या पंचवीस वर्षांत माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे. वर्कशॉपला आम्हाला लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे होते. माझ्या तुकड्यांतून पलीकडचा उजेड दिसायचा. तिचे सरांनी खिडकीकडे धरून बघितले आणि नमुना म्हणून कपाटात ठेवून दिले. आम्ही पास होऊन बाहेर पडलो तेव्हाही ते कपाटातच होते. मला पहिल्या नंबराचं प्रशस्तिपत्रक मिळालं, ते मी लॅमिनेट करून घेतलं.

दोघींना एकाच दिवशी चाकणच्या कंपनीत घेतलं. सरकते जिने बनवणारी कंपनी. तोवर आम्ही दोघींनीही सरकता जिना लांबूनच पाहिला होता. ट्रेनिंगच्या दुसऱ्या महिन्यात चाचणीला लावलेल्या एका जिन्यातून ठक् असा आवाज यायला लागला. फोरमन, फिटर, सगळे शोधत होते. मी कागद काढून बेअरिंग, वेग, फेऱ्या असा हिशेब मांडत बसले. उजू जिन्याच्या खालच्या टोकाशी जमिनीवर आडवी झाली, कान लावून दोन फेऱ्या ऐकल्या, बोटांवर पायऱ्या मोजल्या आणि उठून एका पायरीला खडूने खूण केली. उघडून बघितलं तर त्याच पायरीच्या चाकाचं रबर निघालेलं. माझा हिशेबही तिथेच येत होता, पण मी अजून अर्ध्यावर होते. त्या दिवसापासून कुठेही काही अडलं की शेडमधून हाक यायची, "उज्ज्वलाला बोलवा." मला प्लॅनिंगमध्ये घेतलं, एसीत, खुर्चीवर. घरचे खूश झाले. मी खिडकीतून शेडकडे बघत बसायचे.

ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने महिनाभर माझी खरेदी केली. सईच्या वेळी नवरा कामासाठी चेन्नईत होता, दिवस भरायच्या आधीच दुखायला लागलं, तर रिक्षात माझ्या शेजारी तीच होती. सिझेरियन झालं. मी शुद्धीवर येईपर्यंत सईला उजूने घेतलं होतं, मधाच्या रंगाच्या दुपट्यात. म्हणजे माझ्या मुलीला माझ्याआधी तिने घेतलं. लोकांना मी ही आठवण हसत हसत सांगायचे आणि उजूचे उपकार मानायचे... आणि दर वेळी सांगताना मला वाटायचं की नर्सने का नाही घेतलं? कोणीही घेतलं असतं तर चाललं असतं. माझे वडील दिवाळीला घरी आले की चहा होण्याआधी विचारायचे, उज्ज्वला नाही का आली? तिने लग्न केलं नाही. तिला कोणी विचारलं की म्हणायची, जमलं नाही, आणि विषय संपायचा. मला तिच्या त्या मोकळ्या संध्याकाळींचाही हेवा वाटायचा, आणि तिला माझ्या संसाराचा वाटावा अशीही इच्छा असायची. तसं कधी दिसलं नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला मोठं काम मिळालं. दुसऱ्या एका महानगराच्या मेट्रोतले जुने सरकते जिने काढून नवे बसवायचे. शहराचं नाव लिहीत नाही. ते जिने म्हातारे झाले होते. साखळ्या ताणल्या गेलेल्या, पायऱ्यांचे दात झिजलेले, सुटे भाग मिळेनासे झालेले. दिवसाआड कुठला तरी जिना बंद, आणि म्हातारी माणसं पाटीकडे बघून उसासा टाकून साध्या पायऱ्या चढताहेत, असं चाललं होतं. साइटची प्रमुख म्हणून जाशील का, हे आमच्या विभागप्रमुख बर्वे सरांनी आधी मला विचारलं. सईचं शाळेचं वय, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी नाही म्हटलं. मी स्वतः नाही म्हटलं, कोणी अडवलं नव्हतं. मग त्यांनी उजूला विचारलं आणि ती हो म्हणाली. त्या दिवशी कँटीनमध्ये ती मला सांगायला धावत आली, आणि मी म्हटलं, "मी सोडलं म्हणून तुला मिळालं." ती म्हणाली, "हो गं, खरंच की." मनापासून म्हणाली. मला जेवण गेलं नाही.

काम करायची पद्धत मी आखली होती. जुना जिना सांगाड्यासकट कापून बाहेर काढायचा, नवा जिना तीन तुकड्यांत आणून खाली उतरवायचा. एकेका प्रवेशद्वाराला आडोसा घालून काम चालायचं. पहिली दोन स्टेशनं नीट झाली. तिसऱ्या स्टेशनाच्या वळणावर उजूने तुकडा उतरवण्याआधी दोरी लावून रुंदी मोजली, मापाचा फोटो मला पाठवला आणि फोन केला. कंपनीला नाही, बर्वे सरांना नाही, मला. म्हणाली, "वैशे, ऐक. तू जुन्या नकाशावरून माप घेतलंयस. इथे नंतर दोन्ही भिंतींना दगडी लाद्या बसवल्यात, आत केबल आहेत, काढता येणार नाहीत. दोन्हीकडून चार-चार बोटं गेलीत. मधला तुकडा वळणार नाही." मग तिने सुचवलं की जुना सांगाडा धडधाकट आहे, तो तसाच ठेवू आणि फक्त आतलं सगळं बदलू, म्हणजे मोठा तुकडा खाली न्यावाच लागणार नाही. "तू ड्रॉइंग बदलून पाठव," ती म्हणाली, "तोवर मी काही तरी कारण काढून काम थांबवते. कोणाला बोलत नाही."

मी त्याच दुपारी सगळं पुन्हा मोजलं. तिचं बरोबर होतं, चूक माझी होती, आणि तिने सुचवलेला उपाय माझ्या पद्धतीपेक्षा चांगला होता. नवं ड्रॉइंग काढायला एक दिवस लागला असता. मी काढायला घेतलं आणि बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुसरं काम काढून बसले. तिचे फोन येत होते, मी मीटिंगमध्ये आहे असं कळवत होते. आज विचार केला तर माझ्या मनात तिला त्रास द्यावा असं काही ठरवून नव्हतं. एकदा तरी तिचं माझ्यावाचून अडावं, तिने माझी वाट बघावी, एवढंच मला हवं होतं. तीन दिवस ती तिकडे खोटी कारणं सांगत वाट बघत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी बर्वे सर माझ्या टेबलापाशी आले आणि काम का थांबलंय ते विचारू लागले. मी म्हटलं, मलाही कळत नाही सर. ते म्हणाले, तुकडा बसतो ना? मी म्हटलं, ड्रॉइंगप्रमाणे बसतो.

त्यांनी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. उजू त्या वेळी दुसऱ्या स्टेशनावर होती. तिला कळून ती पोचेपर्यंत माणसांनी तुकडा खाली सोडला होता, तो वळणावर अडकला, मागून रेटताना घसरला, आणि अवजड सामान हलवणाऱ्या टोळीतला किसन म्हणून एक जाणता माणूस होता, त्याचं पाऊल खाली सापडलं. हाडं मोडली. तो पुन्हा चालू लागला, पण लंगडतच. ते प्रवेशद्वार काही आठवडे बंद राहिलं.

चौकशीची बैठक चाकणला झाली. उजू माझ्या समोरच्या खुर्चीत होती. तिचा फोन टेबलावर उलटा ठेवलेला होता, आणि मला पाठवलेल्या मापाचा फोटो त्यात होता, तारखेसकट. तो सरळ करून पुढे सरकवायचा एवढंच तिला करायचं होतं. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. बर्वे सरांनी विचारलं, रुंदी तपासली नव्हती का? उजू म्हणाली, "शेवटचं माप घेणं माझं काम होतं सर. ते माझ्याकडून राहिलं." बस, एवढंच. तिला लेखी समज मिळाली आणि तिची बढती अडली. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. बाहेर पडताना व्हरांड्यात ती माझ्यापाशी थांबली. मी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, बस सुटेल माझी.

तिने मला वाचवलं, आणि त्याबद्दल मी तिला कधी माफ केलं नाही. हे वाक्य मी अनेकदा लिहिलं आणि खोडलं, पण खरं तेच आहे. हाताचं कसब तिचं होतं, माणसं तिची होती, आता मोठेपणाही तिचाच. मला निदान तिच्यावर रागवायचं तरी होतं, तेवढंही तिने शिल्लक ठेवलं नाही. नंतर तिने सांगितलेल्या पद्धतीनेच उरलेली सगळी स्टेशनं झाली. जुना सांगाडा जागेवर, आत सगळं नवं. बाहेरचे लोक ते बघायला यायचे. काम संपल्यावर तिकडे छोटा कार्यक्रम होता, त्याला मीही गेले होते. पहिल्या जिन्यावर पाहुणे चढले, फोटो झाले, आणि उजू कुठे तर बाजूच्या साध्या पायऱ्यांवर सामान हलवणाऱ्या त्या टोळीच्या लोकांच्यात बसून पोहे खात होती, किसन तिच्या शेजारी, काठी आडवी ठेवून. ते सगळे कशावरून तरी पोट धरून हसत होते. मी पाहुण्यांच्यात उभी होते, गळ्यात ओळखपत्र घालून.

त्यानंतर मी हळूहळू हात सोडवून घेतला. भांडण झालं नाही, भांडायला ती तयार नसायचीच. वाढदिवसाला फोनऐवजी मेसेज, मग तोही उशिरा. ती घरी येते म्हणाली की आमच्याकडे पाहुणे असायचे. तिला कळत होतं, कळलं नसतं तर ती उजू कसली? पण सईला मी तोडू शकले नाही. बारावीनंतर तिने मेकॅनिकलच घ्यायचं ठरवलं, ते माझ्यामुळे असं मी नातेवाइकांना सांगत असे. रविवारी ती स्कूटर काढून दिघीला जायची, परत यायची तेव्हा नखांत ग्रीस असायचं. एकदा मी म्हटलं, ड्रॉइंग मलाही येतं की, माझ्याकडे बस. सई म्हणाली, "आई, तू उत्तर सांगतेस. मावशी सांगत नाही, बघत बसते." मी तिला म्हटलं, मग जा तिकडेच राहायला... तशी ती माझ्याच घरी राहत होती, पण मनाने बरीचशी तिकडे असायची.

अंत्यविधी झाल्यावर सई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीच विषय काढला. मी म्हटलं, तू मला सांगायला हवं होतंस, मी तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. सई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, मावशीनेच सांगू नको म्हटलं होतं. मी विचारलं, का? तर म्हणाली, "मावशी म्हणाली, आईला कळलं तर ती धावत येईल. मनात नसताना यावं लागेल तिला. कशाला?" मग घडी घातलेला कुडता पुन्हा उलगडून तिने नव्याने घडी घातली आणि म्हणाली, "आणि तू कधी विचारलंस का तिच्याबद्दल?" मी विचारलं नव्हतं. स्टेशनात विचारलं होतं ते बारीक कशी झालीस, एवढंच.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या दिघीच्या घरासमोर मांडव घालून केला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, त्रिशरण झालं, मग एकेक जण उठून तिच्याविषयी बोलू लागला. शेडमधले फिटर, शेजारच्या बायका, जिचा मिक्सर उजूने दुरुस्त केला होता ती एक आजी. एवढ्या लोकांनी आपलं म्हणावं असं मी काय केलं असतं म्हणजे माझ्यामागे एवढी माणसं जमली असती, हा विचार मी मांडवात बसून केला, खोटं कशाला सांगू? मग मला बोलायला सांगितलं. मी कॉलेजच्या गमती सांगायच्या ठरवून गेले होते. उभी राहिले आणि दुसरंच बोलले. तिसऱ्या स्टेशनाचं माप, तिचा फोन, माझे तीन दिवस, आणि ड्रॉइंगप्रमाणे बसतो हे माझं वाक्य, सगळं सांगितलं. बर्वे सर पुढच्याच रांगेत होते, त्यांनी मान खाली घातली. सई मागे उभी होती. मला वाटलं, आता काही तरी होईल. कोणी उठून जाईल, कोणी बोल लावेल. मांडवात शांतता होती, पण ती धक्क्याची नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर किसन काठी टेकत माझ्याकडे आला. टोळीतल्या दोघांना घेऊन तो मुद्दाम लांबून आला होता. मी हात जोडले आणि म्हटलं, तुमचा पाय माझ्यामुळे गेला. तो म्हणाला, "आमाला म्हाईत व्हतं ताई. दोरीचं दुसरं टोक मीच धरलं व्हतं की, अन् फोनबी माझ्यापुढंच झाला. पन बाईंनी शपथ घातली. म्हनल्या, तिला ल्हान लेकरू हाय, नोकरी जाईल तिची." मग खिशातून रुमाल काढून त्याने डोळे पुसले, ते तिच्यासाठी, माझ्यासाठी नव्हे. म्हणजे मी सहा वर्षं जे छातीशी धरून बसले होते ते पाच-पंचवीस माणसांना ठाऊक होतं. कबूल करायलासुद्धा माझं म्हणून काही राहिलं नव्हतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या सईला. घरी येताना तिने स्कूटर मला चालवू दिली नाही. भोसरीच्या सिग्नलला थांबल्यावर पुढे बघतच म्हणाली, "मावशीने मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं." मला बोल लावायचा तोही लावला नाही, पण हिरवा दिवा लागल्यावर मागचे हॉर्न वाजवेपर्यंत तिने स्कूटर हलवली नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी एकटीच उजूच्या आईला भेटायला गेले. आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो. सत्तरी कधीच ओलांडली आहे, गुडघे गेलेत. चहा झाला आणि त्या म्हणाल्या, वर चल, गच्चीवर वाळवण आहे, तिथं बसू. मी म्हटलं, माई, तुमचे गुडघे... त्या हसल्या आणि माझ्यापुढे जिन्याकडे निघाल्या. त्यांचा गच्चीचा जिना मला आठवत होता, अरुंद, उंच पायऱ्यांचा, पावसात शेवाळणारा. तो जिना तिथे नव्हता. त्याच्या जागी भिंतीला धरून नवा जिना होता, बुटक्या पायऱ्यांचा, एका बाजूला माईंच्या कमरेएवढ्या उंचीवर गोल पाइपचा कठडा. कठड्यावर हात ठेवून माई न थांबता वर गेल्या. वरून म्हणाल्या, "उजूनं करून घेतला. बिमारीत. मिस्तऱ्यापाशी खुर्ची टाकून बसायची, उलटी आली तर उठून जायची, परत येऊन बसायची. म्हणायची, मी नसले की तुला कोण हात धरून वर न्यायचं गं माई? तुझी सईबी यायची की. घमेली उचलायची."

माई वाळवणाकडे वळल्या. मी खालीच उभी होते. माझ्या पर्समध्ये मापाची टेप असते, प्लॅनिंगमधल्या सगळ्यांच्याच असते. मी ती काढली. का काढली ते सांगते, लपवत नाही. मला एक तरी पायरी चुकलेली हवी होती. आजारी बाई, साधा गवंडी, घमेली उचलणारी माझी मुलगी, कुठे तरी उन्नीस-बीस झालंच असणार. मी खाली बसून पहिल्या पायरीची उंची घेतली, मग दुसरीची. दुसरी पहिलीपेक्षा उंच निघाली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, अंगातून काही तरी सैल झाल्यासारखं. तिसरी त्याहून उंच. आणि चौथीपासून पुढे सगळ्या सारख्या, टेपवरची रेघ इकडची तिकडे नाही, जवळजवळ वर जाईपर्यंत. वरच्या तीन पुन्हा उतरत्या मापाच्या. मी शेवटच्या पायरीशी टेप धरून बसले आणि मग माझ्या लक्षात आलं. सरकता जिना असाच असतो. तो सुरुवातीला एकदम चढत नाही. पहिल्या पायऱ्या जवळजवळ सपाट येतात, मग थोड्या वर, मग आणखी थोड्या, म्हणजे माणसाच्या पावलाला चढ आधी कळतो आणि गुडघ्याला झटका बसत नाही. हे मी पंचवीस वर्षं कागदावर काढत आले होते.

"काय मोजतीस गं?" माईंनी वरून विचारलं.

मी म्हटलं, काही नाही. टेप मिटली आणि वर गेले. कठडा माझ्या हाताला जरा खालीच येत होता, तो माझ्यासाठी नव्हताच. माईंनी चटईवर माझ्यासाठी जागा केली होती, शेजारी वाळत घातलेल्या कुरडया. मी बसले, आणि व्हरांड्यात तिला ‘बस सुटेल माझी’ म्हटलं त्या दिवसापासून न आलेलं रडू मला तिथे आलं. माईंना वाटलं ते उजूसाठी आहे. बरंचसं तिच्यासाठीच होतं.